अननसास पाणी केव्हा व किती द्यावे?

कोकणातील नारळी-पोफळीच्या बागांतून हिंडताना अननसाच्या बाबतीत दोन टोकाच्या रीती दृष्टीस पडतात. एके ठिकाणी बांधाच्या कडेला लावलेल्या अननसाकडे लागवडीनंतर कोणी ढुंकूनही पाहत नाही. झाड काटक आहे, ते आपले आपण जगते, अशी समजूत असते. दुसऱ्या ठिकाणी विहिरीवर पंप बसलेला असतो, आणि केळीला पाणी सोडले की तोच पाट पुढे अननसाच्या वाफ्यात वळवला जातो. पहिल्या बागेत झाड जगते खरे. परंतु फळ लहान राहते व बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. दुसऱ्या बागेत पाने तजेलदार दिसतात आणि एखाद्या पावसाळ्यात रोपांचे गाभे कुजून ओळीच्या ओळी रिकाम्या होतात. हे झाड पाणी घेते कसे, याचा विचार दोन्ही ठिकाणी झालेला नसतो. तो झाला तर पाण्याची बरीच बचत होईल व फळही भरेल.

झाडाची ठेवण

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्या देशात आणला, आणि त्याचे नावही त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे रुळले. ज्या ब्रोमेलिया कुलात तो मोडतो, त्या कुलातील पुष्कळ जाती अमेरिकेच्या अरण्यांत वृक्षांच्या फांद्यांवर किंवा उघड्या खडकावर वाढतात. त्यांच्या मुळांना माती जवळजवळ मिळतच नाही. पाने तळाशी एकमेकांना घट्ट बिलगून त्यांचा पेला तयार होतो. त्यात पावसाचे पाणी व दव साचते आणि त्यावर झाडाचा निर्वाह चालतो. अननस जमिनीत वाढणारा असला तरी कुळाची ही रीत त्याने पुरती सोडलेली नाही.

कोणत्याही वाढलेल्या रोपाजवळ बसून एक पान नीट पाहावे. ते पन्हळीसारखे खोलगट असते आणि त्याचा उतार गाभ्याकडे असतो. अशी साठ-सत्तर पाने खोडाभोवती फिरत्या जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे बसलेली असतात. पहाटेचे दव, हलकी सर, झारीचे पाणी, जे काही पानावर पडेल ते घरंगळत बेचक्यात येते. खालच्या पानांच्या बेचक्यांत बारीक मुळ्या फुटलेल्या दिसतील. या मुळ्या जमिनीला न शिवता तेथेच साचलेले पाणी व त्यात विरघळलेले अन्न शोषून घेतात. जमिनीतील मुळे मात्र फार खोल जात नाहीत. बहुतेक मुळे वरच्या वीतभर मातीतच पसरतात. म्हणून खाली दोन हातांवर ओल आहे, एवढ्यावर अननसाच्या बाबतीत विसंबून राहता येत नाही.

याखेरीज आणखी दोन सोयी निसर्गाने या झाडाला दिल्या आहेत. एक चांगले पोसलेले पान धारदार विळीने आडवे कापून उजेडासमोर धरले, तर हिरव्या भागाच्या वर काचेसारखा पारदर्शक थर दिसतो. ही त्याची पाण्याची शिदोरी होय. टंचाईत हा थर पातळ होत जातो. दुसरी सोय अधिक नवलाची आहे. बहुतेक पिकांच्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडी असतात व त्यांतून उन्हाच्या वेळी पाण्याची वाफ निघून जाते. अननस ही छिद्रे दिवसाच्या बऱ्याच भागात मिटून ठेवतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडून हवा घेतो. त्यामुळे त्याचे पाणी फारच थोडे उडते.

सावंतवाडीकडील एका वृद्ध बागाईतदाराने हेच मला एका वाक्यात सांगितले होते : “साहेबांनू, ह्या झाड तोंडान पाणी पिता, पायान न्हय.” शास्त्राच्या दृष्टीने हे अर्धेच खरे आहे, कारण मुळेही पाणी घेतातच. परंतु पाणी देणाऱ्याच्या दृष्टीने ते लाख मोलाचे आहे. पाटाचे पाणी खोडाशी तुंबवण्यापेक्षा पानांवरून थोडे थोडे दिलेले पाणी या झाडास अधिक मानवते.

पावसाळा : पाणी काढून देण्याचे दिवस

अननसाला वर्षाकाठी १,००० ते १,५०० मिलिमीटर पाऊस पुरतो, तोही बारा महिन्यांत विखरून पडला तर उत्तम. कोकणात याच्या दुप्पट, कोठे कोठे त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि तो सगळा चार महिन्यांत ओतला जातो. तेव्हा आपल्याकडे अननसाच्या पाण्याचा प्रश्न दोन भागांत विभागलेला आहे. चार महिने पाणी बाहेर काढावयाचे आणि उरलेल्या काळात ते बेताने आत द्यावयाचे. पहिल्या भागाकडे दुर्लक्ष झाले तर दुसऱ्या भागातील सारे श्रम व्यर्थ जातात. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो असल्याने येथे थोडे सविस्तर लिहितो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गावी एका विधवा बाईंना मी दोन गुंठ्यांत अननस लावण्याचा सल्ला दिला. जमीन भातखाचराची, सपाट. पण माती चांगली आणि विहीर जवळ. दसऱ्याच्या सुमारास सुमारे ९०० फुटवे लावले. उन्हाळ्यात त्यांनी मुलांच्या मदतीने कळश्यांनी पाणी घातले आणि मे महिन्यात बाग पाहून मला फार समाधान वाटले. गादीवाफे करावयास हवे होते, निदान चर तरी खणावयास हवे होते. ते मी सांगितले नाही. जुलैमध्ये लागोपाठच्या झडीने खाचरात तीन दिवस पाणी उभे राहिले. पुढच्या भेटीत गाभ्याची पाने पिवळसर तपकिरी पडलेली दिसली. एक पान हाताने सहज ओढले तर ते तळापासून निसटून हातात आले. त्याचा बुडखा पांढुरका, लिबलिबीत, आणि वास असह्य. तिसरा हिस्सा रोपे गेली. बाई मला एवढेच म्हणाल्या, “भाऊ, पाणी घालायला सांगितलंत, काढायचं नाही सांगितलंत.” त्यांनी पुढे राहिलेली रोपे उचलून परड्यातील उतारावर लावली व त्यांची फळे घेतली. माझ्या दौऱ्याच्या वहीत मात्र ते वाक्य कायमचे लिहिलेले आहे.

हा रोग गाभाकूज म्हणून ओळखला जातो. पाणथळ जमिनीत वाढणारी फायटोफ्थोरा नावाची बुरशी त्याला कारण होते. पावसाच्या माऱ्याने उडालेली माती गाभ्यात जाऊन बसली म्हणजे तिला आयतीच वाट मिळते. रोग उमटल्यावर उपाय शोधण्यापेक्षा जमिनीची तयारी आधी करणे शहाणपणाचे. जांभ्या जमिनीचा उतार अननसाला उत्तम. सपाट जागा असेल तर वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत, त्यांवर दोन ओळी घ्याव्यात आणि दोन वाफ्यांमधील चर शेताच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यापर्यंत मोकळे न्यावेत. चर केवळ खणून भागत नाही. पहिल्या जोराच्या सरीनंतर छत्री घेऊन बागेत जावे आणि पाणी कोठे अडते ते डोळ्यांनी पाहावे. अर्ध्या तासात जे पाणी निघून गेले नाही, ते तीन दिवसांच्या झडीत मुळीच निघणार नाही.

हे चर पूर्वी मृगाच्या तोंडावर साफ केले तरी चालत असे. आता तेवढ्यावर निभावत नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच, म्हणजे रोहिणी लागता लागता, दक्षिण कोकणात येऊन थडकला. ज्यांची बेणणी व चरांची सफाई राहिली होती त्यांची तारांबळ उडाली. यास्तव हे काम मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून घ्यावे.

भर पावसात नवी लागवड करू नये. फुटवा लावताना गाभ्यात माती जाईल इतका खोल पुरू नये. कुजलेले रोप दिसताच ते मुळासकट काढून बागेबाहेर नेऊन जाळावे अथवा खोल पुरावे. उपटून चरात टाकण्याची सवय फार वाईट, कारण चराचे पाणी तो रोग खालच्या वाफ्यांत पोचवते. औषधाची आळवणी करावयाची झाल्यास मात्रा कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणेच घ्यावी.

हिवाळा

पाऊस संपल्यावर जमिनीत ओल असते आणि पहाटे दवही पडते. जांभ्या जमिनीत ही ओल लवकर आटते, पोयट्याच्या जमिनीत काही आठवडे टिकते. या दिवसांत झाडाची वाढ मंद असल्याने पाण्याची घाई नसते. दिवाळीनंतर आच्छादन मात्र लगेच घालावे. नारळाच्या झावळ्यांचे तुकडे, भाताचा पेंढा, सुका पालापाचोळा, जे हाताशी असेल ते ओळींमध्ये चार बोटे जाड पसरावे. जमीन कोरडी पडल्यावर घातलेले आच्छादन कोरडेपणाच राखते. ते ओल असतानाच घालावयाचे असते. साधारणतः डिसेंबरपासून पाण्याची पहिली पाळी सुरू करावी. अवकाळी पाऊस झाला तर एक पाळी चुकवावी.

उन्हाळा : किती आणि कसे

केरळ कृषी विद्यापीठाने क्यू या जातीसाठी कोरड्या महिन्यांत सुमारे २२ दिवसांच्या अंतराने ५ ते ६ पाळ्या सांगितल्या आहेत, प्रत्येक पाळीस ५० मिलिमीटर पाणी. हा आकडा शेतकऱ्याच्या कळशीत उतरवून पाहू. एका गुंठ्यावर ५० मिलिमीटर म्हणजे सुमारे ५,००० लिटर पाणी. जोडओळ पद्धतीने, म्हणजे दोन रोपांत ३०, दोन ओळींत ६० व दोन जोड्यांत ९० सेंटिमीटर अंतर ठेवून लागवड केली तर एका गुंठ्यात सुमारे ४५० रोपे बसतात. म्हणजे रोपामागे एका पाळीस ११ लिटर, आणि दिवसाचा हिशेब केला तर अवघे अर्धा लिटर! केळीचे एक झाड उन्हाळ्यात दिवसाला जेवढे पाणी पिते, तेवढ्यावर अननसाचे एक रोप दोन आठवडे तरी निभावते. पाण्याची टंचाई असलेल्या वाडीत या पिकाचा विचार करण्याजोगा आहे तो याचमुळे.

माझा अनुभव असा की, आपल्या खडकाळ जांभ्या जमिनीत एकदम ११ लिटर देण्यात अर्थ नाही. वरची वीतभर माती इतके पाणी धरूच शकत नाही. उरलेले खाली झिरपून जाते. तेच पाणी आठवड्याच्या हप्त्याने, रोपामागे साडेतीन ते चार लिटर याप्रमाणे द्यावे. एका गुंठ्यास आठवड्याला सुमारे १,६०० लिटर पाणी लागेल. भारी, पोयट्याच्या जमिनीत अंतर दहा-बारा दिवसांवर न्यावे. नारळाच्या दाट सावलीत याहूनही कमी पाणी पुरते. ज्या बागेत ठिबक आहे तेथे माडांना व पोफळींना पाणी चालूच असते. अशा ठिकाणी अननसासाठी वेगळी नळी टाकण्याआधी वाफ्यात बोट खुपसून ओल पाहावी. पुष्कळदा वेगळ्या पाण्याची गरजच नसते.

पाणी सायंकाळी, ऊन उतरल्यावर द्यावे. झाड रात्री हवा घेते, हे वर सांगितलेच आहे. सायंकाळी घातलेले पाणी उन्हाने लगेच उडून न जाता रात्रभर मातीत व बेचक्यांत राहते. झारीने किंवा बारीक तुषाराने ते पानांवरून पडू द्यावे. नळीची जोराची धार गाभ्यात मारू नये. तिने माती उडून गाभ्यात बसते. दाणेदार खतही गाभ्यात पडता कामा नये, कारण तेथील कोवळी पाने त्याने करपतात. खत जमिनीत अथवा तळाच्या जून पानांच्या बेचक्यांत द्यावे आणि वरून थोडे पाणी घालावे.

खाडीकाठच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते. असे पाणी पानांवरून देऊ नये. बेचक्यांतील पाणी उडून जाते व क्षार मागे राहून पानांचे बुडखे करपतात. निरुपाय असेल तर ते मातीत द्यावे आणि आच्छादन जाड ठेवावे.

झाडाला तहान लागली हे ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. प्रथम पानांचा गडद हिरवा रंग फिका पडतो. मग त्यावर पिवळट व शेवटी तांबूस छटा येते, पानाच्या कडा खालच्या बाजूस वळतात आणि पान बोटांत धरले असता त्याचा ताठपणा गेलेला जाणवतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, हा तांबूस रंग उन्हाळ्यात तहानेचा असतो. परंतु तोच रंग भर पावसाळ्यात दिसला तर मुळे कुजली आहेत अथवा पिठ्या ढेकणाने रोपास ग्रासले आहे, असा संशय धरावा. अशा वेळी “पाणी वाढवा” असा सल्ला देणे म्हणजे बुडत्यास आणखी पाणी पाजणे होय. रोप हलवून पाहावे, गाभ्याचे पान ओढून पाहावे, खोडाशी मुंग्यांची रांग आहे का ते पाहावे आणि मगच बोलावे.

फूल व फळ

फुटव्यापासून लावलेले रोप जोमदार असेल तर वर्षभरात किंवा त्यानंतर काही महिन्यांत फुलावर येते आणि तेथून सुमारे पाच महिन्यांनी फळ पिकते. फूल दिसल्यापासून फळ भरेपर्यंतचे दिवस पाण्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक आहेत. अननसाचे एक फळ म्हणजे शंभराहून अधिक लहान फुलांपासून बनलेला गड्डा असतो. फुलोऱ्याच्या वेळी झाड तहानलेले राहिले तर हा गड्डा मुळातच लहान बनतो. नंतर कितीही पाणी घातले तरी ती उणीव भरून निघत नाही. पाणी थोडेच शिल्लक असेल तर ते लहान रोपांऐवजी फुललेल्या रोपांना द्यावे. लहान रोप थांबून राहील, फूल थांबणार नाही.

सर्व रोपे एकाच वेळी फुलावीत म्हणून इथेफॉनचे द्रावण गाभ्यात ओततात. ३९ ते ४२ पाने झालेल्या रोपांसाठी प्रतिरोप ५० मिलिलिटर द्रावण लागते. १,००० रोपांसाठी ५० लिटर पाण्यात ३९ टक्के तीव्रतेचे इथेफॉन सुमारे ३.२ मिलिलिटर, युरिया १ किलो व कॅल्शियम कार्बोनेट २० ग्रॅम मिसळावे. येथेही पानांचा पेलाच आपल्या उपयोगी पडतो. त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी पानांवर पाणी घालू नये. पावसाची चिन्हे असतील तर हे काम पुढे ढकलावे.

फळ रंगावर येऊ लागले की पाणी आखडते घ्यावे. या वेळी भरपूर पाणी दिलेले फळ वजनाने भरते, पण गोडी उतरते, आणि वाहतुकीत ते टिकत नाही. व्यापारी फळ वजनावर घेतो, हे खरे. पण दुसऱ्या वर्षी तो त्या बागेत येत नाही. कडक उन्हाकडे कललेली फळे सुक्या गवताने किंवा झावळीच्या तुकड्याने झाकावीत, नाहीतर ती एका बाजूने भाजतात.

अंगणातील कुंड्या

अलीकडे शहरांतील घरांतून, पर्यटकांच्या निवासांतून व रोपवाटिकांतून अननसाची शोभिवंत भावंडे फार दिसू लागली आहेत. एक्मिया, गुझमानिया, व्ह्रीसिया आणि ब्राझीलच्या डोंगरांतील खडकांवर वाढणारी प्रचंड अल्कँटारिया ही त्यांतली काही होत. रोपवाटिका चालविणारे आपले शेतकरीही ती विकतात, आणि गिऱ्हाईक “याला पाणी किती?” असे विचारते तेव्हा त्यांना उत्तर सुचत नाही.

या झाडांचा पेला अननसापेक्षा कितीतरी मोठा असतो व पाणी मुख्यतः त्यातच द्यावयाचे असते. कुंडीत माती कमी व नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, विटांचा चुरा जास्त असावा. हे मिश्रण वरून कोरडे झाल्यावरच ओलवावे. उन्हाळ्यात पेला भरलेला ठेवावा. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नये. पेला पावसाने भरला तरी बिघडत नाही, पण मिश्रण सतत भिजत राहिले तर बुडखा कुजतो. हिवाळ्यात, विशेषतः पुणे-नाशिककडे रात्री गारठा पडतो तेव्हा, पेल्यात तळाशी थोडेच पाणी असू द्यावे. पाणी शक्यतो पावसाचे साठवलेले घालावे. जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात. तांब्याच्या कळशीतील पाणी मात्र घालू नये, कारण तांबे या कुळातील झाडांना विषासमान आहे.

पेल्यातील साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, आणि त्यांत डेंग्यू पसरविणारा डासही असतो. अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर आठवड्यास एक वार ठरवून पेल्यातील पाणी बदलावे. लहान कुंडी आडवी करून पाणी ओतून टाकता येते. दोन माणसांनाही न उचलणाऱ्या मोठ्या झाडाच्या पेल्यात नळीने हलकेच पाणी सोडून ते सर्व बाजूंनी वाहून जाईपर्यंत सोडत राहावे. त्यासरशी अळ्या बाहेर पडतात व कोरड्या जमिनीवर मरतात. काही जण पेल्यात रॉकेल अथवा तेल टाकतात. त्याने अळ्या मरतात आणि पाठोपाठ झाडही.